मॉट पेशी म्हणजे जंतू नव्हेत आणि शेवटची अवस्थाही नव्हे

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातील मराठी व्हॉट्सॲप गटांमध्ये मल्टिपल मायलोमा या प्लाझ्मा पेशींच्या (अस्थिमज्जेतील, प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींच्या) कर्करोगाविषयी एक मजकूर फिरत आहे. अस्थिमज्जेच्या तपासणीत द्राक्षांच्या घडासारख्या, गोल कणांनी भरलेल्या पेशी, म्हणजेच मॉट पेशी, दिसल्या तर ते रक्तात शिरलेले जंतू तरी असतात किंवा कर्करोग शेवटच्या अवस्थेला तरी पोहोचलेला असतो, आणि दोन्ही परिस्थितींत औषधे व्यर्थ ठरतात, असे त्याचे म्हणणे आहे. यावर विसंबून कोणी उपचार सोडल्यास होणारे नुकसान भरून येणारे नाही.

जंतूंचा समज नवा नाही. एडिंबरोच्या विल्यम रसेल यांनी १८९० साली कर्करोगाच्या ऊतींमध्ये असे गोल कण पाहिले आणि ते बुरशीसारखे परजीवी असावेत, असे मानले. पुढे ती प्रथिनेच असल्याचे सिद्ध झाले. प्रतिपिंडे तयार करणे हे प्लाझ्मा पेशीचे काम असते. तयार झालेले प्रथिन बाहेर टाकता आले नाही, की ते पेशीतील पिशव्यांमध्ये साठत जाते. त्या साठ्यांना रसेल बॉडीज आणि त्यांनी गच्च भरलेल्या पेशीला मॉट पेशी म्हणतात. हे कण जंतू नसल्याने त्यांच्यावर जंतुनाशक औषधे घेण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय दीर्घकाळ चाललेल्या संसर्गातही मॉट पेशी दिसू शकतात, त्यामुळे केवळ त्यांच्यावरून मायलोमाचे निदान होत नाही. त्यासाठी मज्जेत किमान १० टक्के एकाच वंशाच्या प्लाझ्मा पेशी किंवा बायोप्सीने सिद्ध झालेली त्यांची गाठ असावी लागते, आणि सोबत कॅल्शियम, मूत्रपिंड, हिमोग्लोबिन, हाडे यांवरील परिणाम किंवा ठरवून दिलेल्या अन्य निकषांपैकी एखादा आढळावा लागतो.

अवस्थेबद्दलचे विधानही चुकीचे आहे. २००५ च्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत अवस्था रक्तातील बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन आणि अल्ब्युमिन या प्रथिनांच्या प्रमाणावरून ठरते. २०१५ मध्ये त्यात एलडीएच (रक्तातील एक विकर) आणि गुणसूत्रांतील बदलांची भर पडली. पेशीचा आकार त्यात मोजला जात नाही. मात्र आकाराला काहीच अर्थ नसतो, असेही म्हणता येणार नाही: प्लाझ्माब्लास्टसारख्या अपरिपक्व पेशी प्रामुख्याने दिसल्यास आजार अधिक आक्रमक असण्याची शक्यता असते, आणि डॉक्टर ती गांभीर्यानेच घेतात.

मज्जेतील पेशी लिम्फोसाइटसारख्या (लहान पांढऱ्या रक्तपेशींसारख्या) दिसल्या तर मायलोमाचा अहवालच खोटा, हा त्याच मजकुराचा शेवटचा दावा. तोही चुकीचा आहे. ११ आणि १४ क्रमांकांच्या गुणसूत्रांत अदलाबदल झालेल्या मायलोमात प्लाझ्मा पेशी अशा लहान दिसू शकतात. म्हणूनच प्लाझ्मा पेशी ओळखण्यासाठी त्यांच्यावरील सीडी-१३८ या खुणेची, तसेच त्या एकाच वंशाच्या आहेत का हे पाहण्यासाठी कॅपा आणि लॅम्डा या प्रतिपिंडांच्या साखळ्यांची चाचणी करतात.

औषधे व्यर्थ असल्याच्या म्हणण्याला तर कोणताच आधार नाही. बोर्टेझोमिब हे मायलोमावरील औषध पेशीतील टाकाऊ प्रथिनांची विल्हेवाट रोखते, आणि सतत प्रथिने बनवणाऱ्या मायलोमाच्या पेशींना तो ताण सोसत नाही. आजार सहसा मुळापासून जात नाही, पण अनेक रुग्णांत तो वर्षानुवर्षे आटोक्यात राहतो. ज्यांना शंका आहे त्यांनी मज्जेच्या काचपट्ट्या आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जतन केलेला ऊतीचा नमुना) मागून घ्यावेत, आणि मिरज, कोल्हापूर किंवा हुबळी येथील रक्तविकारतज्ज्ञांचे दुसरे मत घ्यावे. तोपर्यंत चालू असलेले औषध बंद करू नये.