पायानं दाबायची चार बटणं

गिटार वाजवताना दोन्ही हात गुंतलेले असतात, एवढी एक गोष्ट पुण्याच्या तापकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या दुकानात, एका माणसाला पटवून देण्यात माझी गेल्याच्या आधल्या शनिवारची सकाळ गेली. त्याला ती अजून पटलेली नाही.

मामला साधा होता. माझ्या इफेक्ट्सच्या पेडलवर, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या पायातल्या डबीवर, दोनच बटणं आहेत, एक पुढं जायला आणि एक मागं यायला. तिसऱ्या आवाजावरून सतराव्यावर जायचं तर चौदा वेळा पाय आपटायचा. तोवर अंतरा संपून मंडळी चहाला पांगलेली असतात. पेडलच्या पाठीला मात्र मिडीचं सॉकेट आहे. मिडी म्हणजे वाद्यांनी एकमेकांना तारेवरून निरोप पाठवायची भाषा. तिथं बाहेरून बटणांची पेटी जोडली की हवा तो आवाज एका दाबात येतो. तयार पेटीची किंमत पाच आकडी. 'घरी केली तर हजाराच्या आत होईल,' असं मी बायकोसमोर बोलून गेलो, त्यामुळे आता माघार नव्हती.

यादी चार ओळींची. अर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम भरता येणारी छोटी पाटी) एक, 220 ओहमचे रेझिस्टर दोन, पाच पिनांचं डीआयएन सॉकेट एक, फूटस्विच चार.

"मिडीचं सॉकेट आहे?" मी विचारलं.

"मिडी लक्ष्मी रोडला मिळेल, फ्रॉकच्या दुकानात," शेजारून आवाज आला. "इथं वायरी मिळतात."

पंच्याहत्तरीचे काका. बुशशर्ट, कापडी पिशवी, दोन्ही हातांत दाराच्या बेलची दोन बटणं. चाळीसचं घ्यावं की पंचावन्नचं, हा निर्णय मी येण्याच्या बऱ्याच आधीपासून चालला असावा.

दुकानदारानं वरच्या फळीवरून धुळीनं माखलेलं सॉकेट काढलं. "हे जुन्या टेपरेकॉर्डरचं. आता कोण मागतंय!" म्हणाला, आणि कुणीच मागत नसलेल्या वस्तूचा भाव पुरातन वस्तूचा लावला.

"पण पायानं कशाला?" काका.

"हात गिटारवर असतात, काका."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"सतारवाले बघा. मांडी घालून बसतात. पायाचा संबंधच नाही."

"ऑर्गनला लागतात की पाय," दुकानदार म्हणाला. मला वाटलं, माझी बाजू घेतोय.

"ऑर्गनला भाता असतो. ह्यांच्या गिटारला भाता आहे का?"

दोघं माझ्याकडं बघायला लागले. नाही म्हणावं लागलं.

मग माझ्याकडून चूक झाली. समोरच्याला गप्प करायला तांत्रिक बोलावं, हा ऑफिसात चालणारा उपाय मी तिथं करून पाहिला. "सिरियल डेटा असतो, काका. पाच मिलिअँपिअरचा करंट लूप, 31250 बॉड. म्हणजे सेकंदाला तेवढे ठोके."

काकांनी दोन्ही बेलबटणं काउंटरवर ठेवली. काका तारखात्यातून निवृत्त झालेले निघाले.

"आमचा टेलिप्रिंटर 50 बॉडवर चालायचा," ते म्हणाले. "करंट लूपच. लोकांचे जन्म, मृत्यू, नोकऱ्या, लग्नं, सगळं त्या पन्नासात बसत होतं. आणि तुम्हाला नुसता आवाज बदलायला एकतीस हजार?"

"आणि दोनशे पन्नास," दुकानदारानं बिल करताना करतात तशी भर घातली.

यावर उत्तर आहे. पण ते मला रात्री दीड वाजता पंख्याकडं बघताना सुचलं. मिडी 1983 साली आलं, ते एकावेळी अनेक वाद्यांना बांधून ठेवायला. एका तारेवर सोळा चॅनेल. ते उभं करणाऱ्या डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांना 2013 साली तांत्रिक ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षी जुलैत आपल्याकडची तार बंद झाली. हे काकांना सांगितलं असतं तर त्यांनी त्यातही संबंध शोधला असता.

मागं तिघं खोळंबले होते. मी घाईनं म्हणालो, "फूटस्विच द्या, दाबला की ऑन, सोडला की ऑफ असा."

"सोडला की ऑफ?" काका हादरले. "मग दिवसभर पाय ठेवून उभे राहणार का? अहो, त्यांना पक्का द्या. टिकणारा."

दुकानदारानं पक्का दिला. निळा, खाली नऊ पाय असलेला, दाबला की 'खट्' म्हणून दाबलेलाच राहणारा. पाचाचं पाकीट होतं, सुटे मिळणार नव्हते. मला कळत होतं की हा तो नव्हे. गेली बावीस वर्षं मी इंजिनिअर म्हणून पगार घेतो. तरी मी पैसे दिले, कारण काका मान डोलावत होते आणि मागचा माणूस "चला की साहेब" म्हणाला होता. वर काकांनी माझा फोन नंबर घेतला, 'झालं की कळवा' म्हणून.

घरी बाकी सगळं बिनबोभाट झालं. जुन्या मिसळणाच्या डब्याला भोकं पाडली, त्याला अजून हिंगाचा वास येतो. पेडलला दोनच आकडे पाठवायचे असतात, आधी 192, मग आवाजाचा क्रमांक. क्रमांक शून्यापासून आणि माझ्या पेडलवरचे आकडे एकपासून, त्यामुळे पहिल्या दिवशी मऊ आवाजाच्या जागी करवत आली, एवढंच. स्विचचे पत्रे टेकताना थरथरतात, एका दाबाचे चार-पाच होतात, म्हणून प्रोग्रॅमला 20 मिलिसेकंद थांबायला सांगितलं.

पण निळा पक्का तो पक्काच. पहिला दाब चाले, दुसरा वाया, तिसरा चाले. माझा प्रोग्रॅम फक्त जोडणी होण्याची वाट बघायचा, आणि दर दुसऱ्या दाबाला जोडणी तुटायची. मी बैठकीच्या खोलीत एकेका बटणावर दोनदा नाचत होतो. मुलीनं व्हिडिओ काढला.

परत गेलो तर दुकानदारानं बिलावरचा शिक्का दाखवला. विकलेला माल परत घेतला जाणार नाही. सहा शब्दांचा मंत्र म्हणावा तसा तो शिक्का या शहरात सगळीकडं बसतो. गिऱ्हाईकानं काय मागितलं, हे मात्र बिलावर कुणी लिहीत नाही. मी काय मागितलं होतं ते तिथं उभ्या पाच जणांनी ऐकलं होतं, पण साक्षीला कुणाला बोलावू?

बुधवारी सकाळी साडेसहाला फोन. "झालं का?"

झोपेत माणूस खरं बोलतो. मी सगळं सांगितलं.

"मग तुटतानाही मोजा की," काका म्हणाले. "जोडलं काय नि तुटलं काय, बदल तो बदल. आमच्याकडं करंट नसणं हाही निरोपच असायचा."

एक ओळ बदलली. चालू झालं. मला त्याचा जितका आनंद व्हायला हवा होता, तितका झाला नाही.

"आता माझ्या बेलचं बघायला कधी येताय?" हे त्याच फोनवर, पुढच्याच श्वासात. पंचावन्नचं बटण त्यांनी घेतलं होतं, पण ते लागत नव्हतं.

काल रविवारी सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर स्टुलावर उभा राहून मी ते बसवून दिलं. मला शनिवारी हवं होतं ते नेमकं तसलंच होतं, दाबलं की ऑन, सोडलं की ऑफ. चिमण्या ओरडल्या. काकूंनी पोहे दिले. काका दाराकडं बघत राहिले.

"एक सुचलं," ते म्हणाले. "भाजी घेऊन येतो तेव्हा दोन्ही हात गुंतलेले असतात हो. ह्याला पायानं दाबायचं काही लावता येईल?"

पाचवा स्विच माझ्या पिशवीतच होता. तो निळा, पक्का. एकदा दाबला की दाबलेलाच राहणारा.

"येईल की," मी म्हणालो.