खुलासा : विमा नाही म्हणून मदत नाही, हे चूक आहे

‘ज्यांनी पीक विमा काढला नाही त्यांना अतिवृष्टीची सरकारी मदतही मिळणार नाही’ असा मेसेज सगळीकडे फिरतोय. काल मीही तो न तपासता पुढे पाठवला. चूक माझी.

विमा आणि मदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विम्याचे पैसे विमा कंपनी देते, हप्ता भरलेल्यांनाच. नैसर्गिक आपत्तीची मदत राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येते, तिथे विम्याची अट नाही. अट आहे ती नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त असण्याची, आणि ते पंचनाम्यात नोंदलं जाण्याची. 2022-23 ते 2025-26 साठी केंद्राने ठरवलेले दर असे: जिरायतीला हेक्टरी 8,500 रुपये, बागायतीला 17,000, बहुवार्षिक पिकांना 22,500, तेही दोन हेक्टरपर्यंत. राज्य सरकार वेगळा निर्णय काढून यात वाढ करू शकतं. खर्चाच्या मानाने रक्कम तुटपुंजीच आहे, पण हक्काची आहे.

गोंधळ बहुधा 72 तासांवरून झाला असावा. तेवढ्या वेळात नुकसान कळवायची अट पीक विम्यातली. सरकारी पंचनाम्याला ती लागू नाही.

विमा नाही म्हणून पंचनाम्याच्या वेळी घरी बसू नका. तलाठी, कृषी सहायक आले की बांधावर हजर राहा, गट नंबर आणि पीक बरोबर लिहिलंय का ते बघा. सातबाऱ्यावर कापूस आणि रानात सोयाबीन असेल तर तिथेच सांगा.

तो जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा पाठवा.