'ग्वान्शी' म्हणजे वशिला नव्हे

नागपुरातल्या कलाशिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: "चिनी विद्यापीठाशी करार हवा? ग्वान्शी लागते, म्हणजे वशिला." हे चूक आहे.

ग्वान्शी म्हणजे संबंध. एकाने केलेली मदत दुसऱ्याने लक्षात ठेवायची, वेळ आली की फेडायची. आपल्याकडे लग्नातला आहेर वहीत नावानिशी लिहून ठेवतात ना, तसंच काहीसं. गैरवापर होतो, पण तो शब्दाचा अर्थ नव्हे.

शांतिनिकेतनचंच बघा. चिनी विद्वान तान युन-शान १९२७ मध्ये रवींद्रनाथांना भेटले, पुढच्या वर्षी तिथे शिकवायला आले. तिथलं चिनी भाषा-संस्कृतीच्या अभ्यासाचं केंद्र, चीनभवन, उघडलं १९३७ मध्ये. आधी माणसं, मग इमारत.

खरी अडचण वेगळीच आहे. ओळख माणसाशी असते, विभागाशी नाही. ज्यांची ओळख होती ते सर निवृत्त झाले की करार फायलीत पडून राहतो. म्हणून पाहुणा चित्रकार आला, तर तर्री-पोहे खायला नवीन शिक्षकांनाही सोबत न्या.