"अर्धवट ज्ञान" म्हणणाऱ्या सरांना उत्तर

नमस्कार सर,

डोळ्यांवरच्या रेडिएशनचा माझा लेख वाचून एवढी लांबलचक प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. बाकीच्यांना कळावं म्हणून सांगतो, सरांचं म्हणणं असं की डोळ्याच्या भिंगाला वर्षाला 20 मिलिसिव्हर्टची (हे रेडिएशनच्या डोसचं माप) मर्यादा एक्स-रेत काम करणाऱ्यांची आहे, सामान्य माणसाची नाही, पेशंटच्या तपासणीला तर अशी मर्यादा लागूच नसते, वेल्डिंगचा उजेड आणि एक्स-रे मी एकाच पोत्यात भरले, आणि असलं वाचून लोक गरजेचा सीटी स्कॅनसुद्धा टाळतील. वर शेवटी, "अर्धवट ज्ञानावर लोकांना घाबरवायचे उद्योग बंद करा."

पहिली चूक कबूल. आयसीआरपीने (रेडिएशनपासून बचावाच्या शिफारशी करणारी आंतरराष्ट्रीय संस्था) 2011 मध्ये भिंगाची मर्यादा वर्षाला 150 वरून 20 वर आणली (पाच वर्षांची सरासरी धरून) ती कामगारांचीच, पब्लिकची 15 होती ती तशीच ठेवली. लेखात दुरुस्त केलंय. पण सर, 15 हे 20 पेक्षा कमीच की हो! मग माझ्या चुकीने लोक जास्त घाबरले का कमी, तुम्हीच हिशोब करा.

आता ते अर्धवट ज्ञान. मी 1986 ला मिरजेत एका दवाखान्यात एक्स-रे टेक्निशियन म्हणून लागलो. तेव्हा आमच्याकडे जुनंच मशीन, बेरियम पाजून स्क्रीनिंग (म्हणजे पडद्यावर चालू एक्स-रे बघणं) करायचं तर डॉक्टर आधी पंधरा-वीस मिनिटं लाल काचेचा गॉगल लावून बसायचे, कारण पडद्यावरचं चित्र इतकं मिणमिणतं की डोळे अंधाराला सरावल्याशिवाय काही दिसायचंच नाही. आणि पेशंटला धरून उभा कोण? मी. अंगात शिशाचा ॲप्रन, ॲप्रनच्या आत छातीला टीएलडी बॅज (अंगाला किती रेडिएशन लागलं ते नोंदवणारा बिल्ला), आणि मानेच्या वर सगळं उघडं. बॅज तीन महिन्यांनी तपासायला जायचा, रिपोर्ट यायचा, सगळं मर्यादेत. अहो, ॲप्रनच्या आत काय पोचलं ते त्या बॅजला कळणार, डोळ्यात काय गेलं ते कुणी मोजलं? शिशाच्या काचेचा चष्मा मागितला तर ऑफिसातून उत्तर, "तुला कशाला, तू काय डॉक्टर आहेस?"

एक्कावन्नाव्या वर्षी मोतीबिंदू निघाला, तोही भिंगाच्या मागच्या बाजूला, रेडिएशनने होतो तसा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून झाल्यावर पहिला प्रश्न काय विचारला, तर काम काय करता. (शुगर पण आहे मला, आणि शुगरनेही तसला मोतीबिंदू होतो, हे मीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही तेवढंच धरून बसाल.) हे माझं अर्धवट ज्ञान. तुमचं पूर्ण ज्ञान कुठलं ते तुम्ही लिहिलं नाहीत, प्रोफाइलला नुसता सूर्यास्ताचा फोटो आहे.

तुम्ही म्हणाल हे परत कामगाराचंच उदाहरण झालं. झालं तर झालं. ड्युटी सुटली की मी पण पब्लिकच होतो.

वेल्डिंगचं म्हणाल तर ते अल्ट्राव्हायोलेट असतं, बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजतं आणि एक्स-रेपेक्षा वेगळं असतं, एवढं माहितीये मला. पण सांगली-मिरज रस्त्याला ग्रिलवाल्याच्या दुकानापुढं शाळेची पोरं सायकल लावून आर्ककडं बघत उभी राहतात, तेव्हा काही होत नाही, मग रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होऊन रडतात आणि आया डोळ्यांवर बटाट्याचे काप ठेवतात. त्या पोरांना काय मी किरणांचे प्रकार शिकवत बसू? बघू नका म्हणून सांगितलं, संपलं.

राहता राहिला सीटी. टाळा म्हणून मी कुठं लिहिलंय, दाखवा. मोतीबिंदूचा उंबरठा 500 मिलिग्रे (भिंगात किती रेडिएशन शोषलं गेलं त्याचं माप) धरतात, डोक्याच्या एका सीटीत भिंग थेट किरणात आलं तरी पन्नासच्या आगेमागे, हे लेखातच आहे. मी लिहिलं ते एवढंच की चक्कर आली की दर वेळी नवा दवाखाना, नवा सीटी, आणि जुनी फिल्म घरात गादीखाली पिशवीत, तर ती पिशवी बरोबर घेऊन जा. यात कसलं घाबरवणं राव?

बाकी मुद्द्यांना उत्तर द्यायची गरज वाटत नाही. पुढच्या महिन्यात दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, तोवर टायपिंग कमीच करणार आहे, तेव्हा परत प्रतिक्रिया लिहिलीत तर उत्तराला उशीर होईल.