सूप वाटणाऱ्या नन्स? एका फॉरवर्डचा समाचार

गेल्या पंधरवड्यात एकच फॉरवर्ड मला तीन ग्रुपांवर आला. एकदा माहेरच्या, एकदा सोसायटीच्या आणि तिसऱ्यांदा चक्क आमच्या एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर डिग्रीच्या, बॅचच्या. वर नन्सचा जुना फोटो, एकीच्या हातात सूप वाढायचा डाव. खाली मजकूर, तो थोडक्यात असा: शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपातल्या पाद्र्यांनी मुलींसाठी समाजसेवेच्या शाळा काढल्या, त्या नन्स घडवायला. शिकवायचे काय, तर जपमाळ, विणकाम आणि सूप वाटणं. हिटलर उगवला तेव्हा या शाळा मूग गिळून बसल्या. मुंबईतली ख्रिश्चन सोशल वर्क कॉलेजं म्हणजे त्यांचीच नक्कल. आणि जाता जाता एक टोला, की समाजसेवेला डिग्री लागतेच कशाला?

हा शेवटचा टोला मला लागला, कारण मी त्याच डिग्रीवर हॉस्पिटलात नोकरी करते. बाकीचं वाचून नुसतं हसूही आलं असतं. पण बॅचमधल्या दोघींनी त्याला लाइकचा अंगठा दिलेला पाहिला आणि लिहायला बसले. सगळ्या युरोपाचा पसारा नको, एकच शाळा घेऊ: जर्मनीतल्या म्युनिकची. ती घ्यायचं कारण, तिच्यापुढे या फॉरवर्डचं एकही वाक्य धड उभं राहत नाही.

पहिलं वाक्य पाद्र्यांचं. म्युनिकची शाळा उभी केली ती एलेन अम्मान या बाईंनी. जन्म १८७० चा, स्टॉकहोमचा. म्हणजे मुळात जर्मनही नाहीत. म्युनिकच्या एका हाडांच्या डॉक्टरशी लग्न होऊन त्या तिकडे आल्या. सहा मुलं झाली. सहा मुलांची आई नन कशी असेल, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याने सांगावं. कॅथलिक महिला संघाची म्युनिक शाखा त्यांनी १९०४ मध्ये सुरू केली आणि त्या संघामार्फत १९०९ मध्ये समाजकार्याच्या प्रशिक्षणाचे वर्ग. १९१६ पर्यंत त्यातूनच दोन वर्षांची रीतसर शाळा झाली.

इथे १९०८ हे साल ध्यानात ठेवा. तोवर जर्मनीच्या बऱ्याच भागात, म्युनिकचं राज्य बव्हेरिया धरून, बायकांना राजकीय संघटनेची सभासद व्हायला कायद्याने मनाई होती. ती बंदी १९०८ च्या कायद्याने उठली आणि पुढच्याच वर्षी म्युनिकचे वर्ग सुरू झाले. १९११ मध्ये हायडेलबर्गला मारिया फॉन ग्राइमबेर्ग यांनी आणि १९१६ मध्ये कोलोनला हेलेने वेबर यांनी कॅथलिक शाळा चालवायला घेतल्या. तिन्हीकडे बायकाच, आणि तिघीही मठाबाहेरच्या.

अर्थात चर्चचा हात नव्हता असं मी म्हणणार नाही. महिला संघाला धर्मगुरू सल्लागार असायचे, बिशपांचा आशीर्वाद लागायचा. अम्मानबाईंनी स्वतः १९१९ मध्ये चर्चच्या सेवेला वाहून घेणाऱ्या अविवाहित स्त्रियांचा एक गटही काढला. श्रद्धा होती, आणि ती उघड होती. पण श्रद्धाळू बायकांनी काढलेली शाळा आणि नन्सचा कारखाना या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

आता सूप. शाळेचं मूळ शोधायचं तर स्वयंपाकघरात नको, रेल्वे स्टेशनवर जायला हवं. १८९७ मध्ये अम्मानबाईंनी म्युनिकच्या मुख्य स्टेशनावर कॅथलिक मदत केंद्र सुरू केलं. खेड्यापाड्यातून घरकामाला आलेल्या पोरी गाडीतून उतरायच्या. काखेत बोचकं, मुठीत पत्त्याचा कागद. फलाटावर त्यांची वाट बघत गोडबोले दलाल उभे असायचेच. मग दंडाला पिवळी-पांढरी पट्टी बांधलेली एक बाई पुढे व्हायची आणि विचारायची, कुठे जायचंय? आपल्याकडे दादरला किंवा सीएसएमटीला घरातून निघून आलेल्या पोरांशी बोलणारे कार्यकर्ते ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे चित्र वेगळं समजवायला नको.

पण ती बाई विचारून पुढे करणार काय? कागदावरचा पत्ता खरा आहे की नाही, हे कसं ताडायचं? मालकिणीने पगार बुडवला तर दाद कुठे मागायची? पोर दोन महिन्यांची गरोदर निघाली तर? पोलिसांना कधी बोलवायचं आणि कधी मुळीच बोलवायचं नाही? नुसत्या मायेने यातल्या एकाचंही उत्तर मिळत नाही. माझ्या वॉर्डात नातेवाईक टाकून गेलेली म्हातारी येते तेव्हा मलाही हेच प्रश्न पडतात: आज रात्री ही झोपणार कुठे, कागदपत्रं कुणाकडे, आणि कायद्याने जबाबदारी कोणाची. म्हणून त्या काळच्या सामाजिक महिला शाळांत कायदा, अर्थशास्त्र, आरोग्य, बालसंगोपन हे विषय असत आणि जोडीला प्रत्यक्ष काम, ज्याला आम्ही फील्डवर्क म्हणतो. धर्मशिक्षणही होतंच, कॅथलिक शाळा होती ती. विणकामाचं म्हणाल तर ते बायकांना घरीही येत होतं, त्यासाठी दोन वर्षं कोण घालवेल?

डिग्रीच्या टोल्याचं उत्तरही इथेच येतं. १९२२ मध्ये जर्मनीत बालकल्याणाचा कायदा झाला, १९२४ पासून लागू झाला, आणि ठिकठिकाणी सरकारी युवक कल्याण कार्यालयं आली. अनाथ, अनौरस, मार खाणारी मुलं ही आता शासनाची जबाबदारी झाली. त्या टेबलांमागे बसायला शिकलेली माणसं लागणार होती, आणि ती अशा शाळांतून मिळाली. त्याआधीच, १९१७ मध्ये, जर्मनीतल्या या शाळांची मिळून एक परिषद उभी राहिली होती. तिच्या अध्यक्ष होत्या बर्लिनच्या आलिस सालोमोन, जन्माने ज्यू. कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि धर्मनिरपेक्ष शाळा त्यात एकत्र बसत. एमएसडब्ल्यूला असताना आमच्या फील्डवर्कच्या रेकॉर्डिंगमध्ये, म्हणजे लेखी अहवालात, सुपरवायझर मॅडम समासात लाल पेनने लिहायच्या: 'पाहिलं की ऐकलं?' फॉरवर्ड वाचताना माझा हात त्या पेनाकडे जात होता.

तिसरं वाक्य हिटलरचं, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. अम्मानबाई १९१९ मध्येच बव्हेरियाच्या विधिमंडळात निवडून गेल्या होत्या, बायकांना मताधिकार मिळाल्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत. १९२३ मध्ये म्युनिकमधल्या बायकांचं एक शिष्टमंडळ गृहमंत्र्यांकडे गेलं. मागणी होती, या हिटलरला हद्दपार करा. तो तेव्हा ऑस्ट्रियाचाच नागरिक होता, त्यामुळे कायद्याने ते शक्य होतं. शिष्टमंडळात अम्मानबाई होत्या. मागणी मान्य झाली नाही.

मग आला ८ नोव्हेंबर १९२३. रात्री साडेआठच्या सुमारास हिटलर माणसं घेऊन एका मोठ्या बिअर हॉलमध्ये घुसला, छताकडे गोळी झाडली आणि क्रांती झाल्याचं जाहीर केलं. सभेला आलेले मुख्यमंत्री आणि काही मंत्री जागच्या जागी पकडले गेले. अम्मानबाईंना सुगावा लागला तसा त्यांनी बाहेर राहिलेल्या मंत्र्यांना आणि आमदारांना निरोप धाडले आणि एका ठिकाणी गोळा केलं. ते ठिकाण म्हणजे त्यांची समाजकार्याची शाळा. उपमुख्यमंत्री फ्रान्त्स माट यांच्या पुढाकाराने उठावाचा निषेध करणारं निवेदन तिथे तयार झालं. सरकारने रेगेन्सबुर्गला जाऊन कारभार चालवायचा असं ठरलं. दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या गोळीबारात उठाव मोडला. हिटलरचे १६ जण आणि ४ पोलीस मेले.

आता कुणी म्हणेल, उठाव मोडला तो पोलिसांच्या बंदुकांनी, शाळेतल्या बैठकीने नाही. बरोबर. पण शहर बंडखोरांच्या हाती गेलंय अशी हवा असताना, ज्या खोलीत एरवी मुली वह्या घेऊन बसायच्या तिथे कायदेशीर सरकार टिकून होतं. त्या शाळेला मूग गिळून बसलेली म्हणायला जीभ रेटत नाही.

फॉरवर्डच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगते, कारण ती खरी आहे. मार्च १९३३ मध्ये हिटलरला अमर्याद अधिकार देणारा कायदा आला तेव्हा कॅथलिकांच्या दोन्ही पक्षांनी, अम्मानबाईंच्या पक्षानेही, त्याला मत दिलं. त्याच जुलैमध्ये व्हॅटिकनने हिटलर सरकारशी करार केला. पक्षांना आणि चर्चला याचा जाब विचारायलाच हवा. अम्मानबाईंना विचारता येणार नाही. २३ नोव्हेंबर १९३२ ला, विधिमंडळात भाषण करून झाल्यावर झटका येऊन त्या गेल्या. कोलोनच्या हेलेने वेबर मंत्रालयात मोठ्या हुद्द्यावर होत्या. त्यांना १९३३ मध्ये नोकरीवरून काढलं. पुढे १९४८-४९ मध्ये पश्चिम जर्मनीची राज्यघटना लिहिणाऱ्या ६५ जणांत चार बायका होत्या, त्यातल्या एक या. म्युनिकची शाळा १९७१ मध्ये नव्या रूपात कॅथलिक उच्चशिक्षण संस्थेत सामील झाली आणि आजही तिथे समाजकार्य शिकवतात.

उरली मुंबई. इथलं समाजकार्याचं शिक्षण १९३६ मध्ये सुरू झालं, ते टाटांच्या पैशातून. आज आपण जिला टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणतो ती ही संस्था. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मिशनरी होते खरे, पण प्रोटेस्टंट, आणि त्याआधी नागपाड्यात वस्तीकेंद्र चालवणारे. म्हणजे कॅथलिक शाळेची नक्कल हा मुद्दा मुळातच बाद. कॅथलिक कॉलेज म्हणायचं तर न्यू मरीन लाइन्सचं निर्मला निकेतन, १९५५ चं. ते काढलं डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी या कॅथलिक नन्सच्या भगिनीसंघाने. तिथे प्राचार्यपदावर काम केलेल्या अर्मैती देसाई पारशी. पुढे त्या टिसच्या संचालक झाल्या आणि मग विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यक्ष.

आणि हो, तो फोटो. निर्मला निकेतन काढणारा हा भगिनीसंघ निघाला फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, मठांवर बंदी आली होती तेव्हा. म्हणून त्यांनी तेव्हापासून नन्सचा पोशाख घातलाच नाही, चारचौघींसारख्या कपड्यांत राहिल्या. तेव्हा फोटोतल्या नन्स म्युनिकच्या शाळेच्या नाहीत आणि निर्मला निकेतनच्याही नाहीत. मग कुठल्या, ते ज्याने फॉरवर्ड केलं त्यालाच विचारा.