‘पायलट व्हायचं वय’: फिरणाऱ्या मेसेजमध्ये काय काय चुकलंय

गेले काही आठवडे व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय, ‘खासगी पायलट होण्याच्या वयाबद्दल पाच सत्यं’. त्यातले दावे असे: अठरा पूर्ण झाल्याशिवाय लायसन्स नाही, त्याआधीचे उड्डाणाचे तास धरत नाहीत, तरीही वयाची अट नावापुरती, कारण अमेरिकेत सात वर्षांच्या मुलीने विमान चालवलं होतं, चाळिशीनंतर मेडिकल होत नाही, पासष्टीला लायसन्स रद्द. आमच्या नात्यातल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीला कुणीतरी तो पाठवला, वर ‘बघ, तू किती मागे पडलीस’ अशी पुस्ती जोडून. असलं काही डोळे मिटून पुढे ढकलणाऱ्यांचा राग येतो, कारण यातला एक मुद्दा जिवावर बेतणारा आहे.

आधी अठराचं संपवू. १९४४ च्या शिकागो करारावर जगभरातलं नागरी विमान वाहतुकीचं नियमन उभं आहे. त्या कराराचं परिशिष्ट १ लायसन्सबद्दल आहे आणि त्यात विमानाच्या खासगी पायलट लायसन्ससाठी किमान वय स्पष्ट लिहिलंय: १७. भारत, अमेरिका, कॅनडा, युरोप, सगळीकडे सतराच. अठरा लागतात ते कमर्शियल लायसन्सला, म्हणजे पैसे घेऊन उडवायचं असेल तेव्हा. मेसेज लिहिणाऱ्याने दोन्ही लायसन्सं एकच समजली आहेत.

‘आधीचे तास धरत नाहीत’ हेही खोटं. पात्र इन्स्ट्रक्टर शेजारी बसलेला असेल आणि त्याने लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, नोंद करून सही केली असेल, तर अमेरिकेत चौदाव्या वर्षी केलेला ड्युअलचा, म्हणजे इन्स्ट्रक्टरसोबतचा, तासही धरला जातो. वयाची अट येते ती सोलोला, म्हणजे एकट्याने उडवायला: अमेरिकेत आणि युरोपात विमानासाठी १६, ग्लायडरसाठी १४. भारतात स्टुडंट पायलट लायसन्सच सोळाव्या वर्षी मिळतं. धरत नाहीत ते वेगळेच तास. इन्स्ट्रक्टर नसलेल्या काकांच्या किंवा बाबांच्या शेजारी बसून अर्धा तास कंट्रोल धरले, तर ती मजा झाली, ट्रेनिंग नाही. लॉगबुकात तो शून्यच.

इथे एक गोष्ट नाइलाजाने मान्य करायला हवी. फार लवकर सुरुवात करण्यात फायदा थोडाच. बाराव्या वर्षी महिन्याला एक तास उडवणारं मूल दर वेळी मागच्या वेळचं विसरून येतं आणि सोलोची मुभा मिळेपर्यंत चार वर्षं तीच तीच सर्किटं, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या, मारतं. शिवाय पाय रडर पेडलवर, म्हणजे विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या पेडलवर, पूर्ण पोचले पाहिजेत, पेडल शेवटपर्यंत दाबूनही पंजाने ब्रेक लागला पाहिजे आणि मान न ताणता इंजिनच्या झाकणावरून धावपट्टी दिसली पाहिजे. मागे-खाली उशी घेऊन हे जमत असेल तर ठीक. पण सीट पुढच्या खाचेत नीट अडकली आहे ना, हे दर वेळी हलवून बघायचं. टेकऑफला ती मागे सरकली तर हातातलं कंट्रोलही सोबत मागे ओढलं जातं आणि नाक वर जातं.

लेखी परीक्षेतही घाई नडते. अमेरिकेत ती पंधराव्या वर्षापासून देता येते, पण निकाल २४ कॅलेंडर महिनेच चालतो. पंधराव्या वाढदिवसाला परीक्षा दिली, तर मुदत सतराव्या वाढदिवसाच्या महिन्याअखेर संपते, आणि प्रात्यक्षिक परीक्षेला सतरा पूर्ण लागतात. त्या महिन्यात हवा बिघडली किंवा परीक्षकाची तारीख मिळाली नाही, की लेखी पुन्हा. सोळाव्या वर्षी, सोलोच्या आसपास दिली तर ही भानगड राहत नाही.

आता ती सात वर्षांची मुलगी. मेसेजमधला हा सगळ्यात वाईट मुद्दा, कारण गोष्टीचा शेवट त्यात मुद्दाम गाळलाय. मुलीचं नाव जेसिका डब्रॉफ. एप्रिल १९९६ मध्ये वडील आणि इन्स्ट्रक्टरसोबत ती अमेरिका आडवी पार करायला निघाली. प्रसारमाध्यमांनी तिला ‘पायलट’ ठरवून टाकलं होतं. तिच्याकडे कसलंही लायसन्स नव्हतं, त्या वयात मिळूच शकत नव्हतं. कायद्याने ती प्रवासी होती आणि पायलट-इन-कमांड, म्हणजे उड्डाणाला जबाबदार पायलट, होता इन्स्ट्रक्टर. दुसऱ्या दिवशी, ११ एप्रिलला, वायोमिंगमधल्या शायेनहून टेकऑफ केल्यावर काही क्षणांतच विमान कोसळलं आणि तिघेही गेले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा अहवाल मुळातून वाचण्यासारखा आहे. कंट्रोल त्या वेळी इन्स्ट्रक्टरच्याच हातात होते. वादळ अंगावर येत असताना, कमाल वजनापेक्षा जास्त भरलेलं विमान घेऊन निघण्याचा त्याचा निर्णय चुकला, वेग राखला गेला नाही आणि विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांना पुरेशी उचल मिळेनाशी झाली. प्रवासाचं अति महत्त्वाकांक्षी वेळापत्रक आणि माध्यमांना दिलेले शब्द यांनीही हातभार लावला, असं मंडळाने लिहिलंय. शायेनचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांहून उंच. तिथे हवा विरळ, म्हणून इंजिनची ताकद कमी, पंख्याची (प्रोपेलरची) ओढ कमी आणि जमिनीवरून उठायलाच जास्त धाव लागते. वजन वाढलं की स्टॉलचा वेग वाढतो, वळणात आणखी वाढतो: उंची राखून ६० अंश कलतं वळण घेतलं, तर सरळ उड्डाणाच्या जवळजवळ १.४ पट. जड विमान, विरळ हवा आणि कमी उंचीवर वळण एकत्र आलं, की सावरायला जागाच उरत नाही.

त्याच वर्षी अमेरिकेने कायदा केला: विक्रम किंवा पराक्रम करायला निघालेल्या, लायसन्स आणि मेडिकल नसलेल्या व्यक्तीच्या हाती पायलटने जाणूनबुजून कंट्रोल द्यायचे नाहीत. म्हणजे मेसेज ज्या घटनेवरून ‘अट नावापुरती’ म्हणतो, त्याच घटनेने नियम आणखी कडक केला. पंधरा वर्षांच्या मुलीला ही घटना अर्धी सांगून ‘मागे पडलीस’ म्हणणं हा दुष्टपणा आहे. ती मागे पडलेली नाही. ग्लायडरचं लायसन्स परिशिष्ट १ प्रमाणे सोळाव्या वर्षी मिळू शकतं, आणि इंजिनशिवाय उतरायला शिकलेला हात पुढे विमानातही उपयोगी पडतो. विमानासाठी परिशिष्टाने साधारण ४० तास मागितलेत, त्यात किमान १० सोलो. या सोलोपैकी ५ तास क्रॉस-कंट्रीचे, म्हणजे दुसऱ्या विमानतळांपर्यंतच्या लांबच्या उड्डाणांचे, ज्यात एक फेरी किमान २७० किलोमीटरची आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. सोळा ते सतरा या एका वर्षात हे व्यवस्थित बसतं.

उरलेले दोन दावे मोठ्यांना घाबरवणारे. पासष्टीची मर्यादा खरी आहे, पण ती आंतरराष्ट्रीय व्यावसायिक वाहतुकीत एकाहून जास्त पायलट असलेल्या विमानांसाठी. एकच पायलट असेल तर साठच. खासगी लायसन्सला परिशिष्टात वरची वयोमर्यादा नाही. चाळिशीनंतर मेडिकलही बंद होत नाही, फक्त त्याची मुदत घटते: आधी ६० महिने, चाळिशीनंतर २४, आणि पन्नाशीनंतर १२ ची शिफारस आहे. काही देश याहून कडक असतात, तेव्हा आपल्या देशाचा नियम बघावा. पन्नाशीत शिकायचं असेल, तर फ्लाइंग स्कूलची फी भरण्याआधी मेडिकल करून घ्या. रक्तदाबाच्या गोळ्यांची नावं आणि डोस, जुने ईसीजी, झालेल्या ऑपरेशनची कागदपत्रं सोबत न्या आणि काहीही लपवू नका. बऱ्याच जणांचं मेडिकल आजारामुळे नाही, तर कागद अपुरे असल्यामुळे अडकून पडतं.