स्त्रीपार्ट ही नुसती सोय नव्हती

समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या एका मजकुराचा सारांश असा: "शेक्सपिअरच्या इंग्लंडमध्ये बायकांना कायद्याने रंगभूमीवर बंदी होती, म्हणून पोरं त्यांची कामं करत. आपल्याकडे बालगंधर्व करायचे, तसंच. प्रेक्षकांना त्यात वावगं काही दिसत नसे. पुरुषांमधलं प्रेम म्हणजे मैत्री. शेवटी सगळ्यांची लग्नं लागतातच. 'क्वीअर' वगैरे आजच्या प्राध्यापकांनी घुसडलं." ('क्वीअर' म्हणजे स्त्री-पुरुष प्रेमाच्या ठरीव चौकटीबाहेरचं.) यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे. बाकीची एकेक करून पाहू.

कायद्याने बंदी? असा कायदाच नव्हता. होता तो व्यावसायिक मंडळ्यांचा रिवाज. 1605मध्ये खुद्द जेम्स राजाची पत्नी राणी अ‍ॅनने दरबारी मुखवटानाट्यात भाग घेतला. 1629मध्ये फ्रेंच नट्या लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स नाट्यगृहात आल्या तेव्हा लोकांनी त्यांची हुर्यो उडवली हे खरं. पण सरकारी नाट्यपरीक्षकाने त्या मंडळीकडून फी घेऊन रीतसर परवाना दिला होता. कायद्याने बंदी असती तर परवाना कसला? आणि दुसऱ्या चार्ल्स राजाने 1662च्या सनदेत स्त्रियांना स्त्रीभूमिका करायची मुभा दिली, तेव्हा कारणही नोंदवलं: पुरुषांनी बायकांच्या वेशात काम करण्यावर काहींचा आक्षेप आहे. म्हणजे 'कुणाला काही वाटत नसे' हा दावा राजाच्या कागदावरच फसतो.

फार आधीपासून फसतो. फिलिप स्टब्जने 1583मध्ये छापील आरोप केला होता की नाटक पाहून परतणारे लोक आपापल्या जोडीदारासोबत आडोशाला जाऊन नको ते करतात. त्यासाठी त्याने वापरलेला शब्द बायबलमधल्या सोडोम या पापी नगरावरून आलेला, पुरुषसंभोगाशी जोडलेला. जॉन रेनल्ड्जने 1599मध्ये बायकी वेशातल्या पोराचं चुंबन किती घातक, यावर लिहिलं. विल्यम प्रिनने 1633मध्ये हजारेक पानं याच रागात भरली. ही माणसं नाटकांची वैरी होती, अतिशयोक्ती करत होती, हे धरून चालू. तरी मुद्दा राहतोच: स्त्रीवेशातल्या पोरामुळे पुरुषाच्या मनात ओढ निर्माण होऊ शकते, ही कल्पना त्या काळाचीच आहे.

बालगंधर्वांशी तुलना लंगडी आहे. 'एकच प्याला'तली सिंधू त्यांनी 1919मध्ये केली तेव्हा ते तिशी ओलांडलेले होते. लंडनचे स्त्रीपार्टी साधारण बारा-तेरा ते एकवीस-बावीस वर्षांचे, एखाद्या नटाकडे बांधलेले उमेदवार असत. (शेक्सपिअरचा सहकारी जॉन हेमिंग्ज कागदोपत्री किराणा व्यापाऱ्यांच्या संघाचा सदस्य, नाटकातली पोरं त्याच्याकडे त्या धंद्याचे शिकाऊ म्हणून नोंदलेली. कुठे मसाले, कुठे क्लिओपात्रा!) पण खरा फरक वयाचा नाही, संहितेचा आहे. सोय म्हणून वापरलेली गोष्ट नाटककार झाकतो. शेक्सपिअर तिच्याकडे बोट दाखवतो. 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये व्हायोला पुरुषवेशात सिझारिओ होते. पहिल्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात तिचा मालक ऑर्सिनो या 'पोरा'च्या ओठांचं, पातळ आवाजाचं कौतुक करतो आणि म्हणतो, याचं सगळंच 'वुमन्स पार्ट'ला शोभणारं आहे. आपण स्त्रीपार्ट म्हणतो तोच हा पार्ट. बोलणारा पुरुष, समोर मुलगा, त्याने साकारलेली मुलगी, तिने घेतलेला मुलाचा वेश: चार थर आहेत, आणि कौतुक नेमकं कोणत्या थराचं चाललंय हे मुद्दामच सांगितलेलं नाही.

आता मैत्री. अर्धं खरं वाक्य हेच. त्या काळच्या इंग्रजीत 'लव्हर' म्हणजे जिवलग मित्रही. 'ज्युलियस सीझर'मधला ब्रुटस भर सभेत रोमनांना याच शब्दाने हाक मारतो. पुरुषांनी एका बिछान्यात झोपणंही नेहमीचं. म्हणून एका शब्दावरून निकाल देणारे दोन्ही बाजूंचे लोक चुकतात. शब्द नव्हे, प्रसंग पाहावा लागतो. 'ट्वेल्फ्थ नाइट'मधला अँटोनिओ व्हायोलाच्या भावामागे, सेबॅस्टियनमागे, शत्रूच्या गावात जातो, जीव धोक्यात घालतो, पैशांची थैली हवाली करतो, आणि शेवटी जोड्या जुळत असताना एकही वाक्य न मिळता उभा राहतो. दिग्दर्शक त्याला तिथे कुठे उभं करतो, यावर प्रयोगाचा शेवट बदलतो. 'ट्रॉयलस अँड क्रेसिडा'च्या पाचव्या अंकात तर थर्सायटीस पॅट्रोक्लसला तोंडावर अकिलीसची 'पुरुष-वेश्या' म्हणतो. ही शिवी आहे, पुरावा नव्हे; पण जो अर्थ कुणाला सुचतच नव्हता, त्याची शिवी कशी होईल?

शेक्सपिअरचा समकालीन नाटककार मार्लो याच्या 'एडवर्ड द सेकंड'मध्ये (छापील प्रत 1594ची) आडपडदाच नाही. राजा गॅव्हेस्टनमध्ये गुंतलाय म्हणून सरदार खवळतात. थोरला मॉर्टिमर पुतण्याला समजावतो, की मोठमोठ्या राजांचे असे लाडके असतात: अलेक्झांडरचा हेफेस्टियन, हर्क्युलिसचा हायलस. पुतण्याचं उत्तर नीट वाचा. राजाच्या त्या नादाचं मला दुःख नाही, म्हणतो. हलक्या कुळातला माणूस डोक्यावर चढतोय, ते खुपतं. हे 1533पासून पुरुषसंभोगाला फाशीची शिक्षा सांगणाऱ्या देशातलं नाटक आहे (मधली दहा वर्षं तो कायदा रद्द होता). आपलं जुनं 377 कलम त्याच परंपरेतून 1860मध्ये इथे आलं.

लग्नांनी सगळं जागेवर येतं? त्याच काळातला नाटककार लिली याच्या 'गॅलथीया'त (1592) मुलांच्या वेशातल्या दोन मुली एकमेकींच्या प्रेमात पडतात. कळल्यावरही प्रेम सुटत नाही. व्हीनस म्हणते, एकीला पुरुष करते. कोणतीला, हे न सांगताच नाटक संपतं. 'ट्वेल्फ्थ नाइट'च्या शेवटी व्हायोलाचे बायकी कपडे ज्या कप्तानाकडे आहेत तो मॅल्व्होलिओ या कारभाऱ्याच्या फिर्यादीवरून कैदेत आहे, आणि मॅल्व्होलिओ सूडाची भाषा करत निघून जातो. कपडे येतच नाहीत. शेवटच्या बोलण्यातही ऑर्सिनो तिला सिझारिओच म्हणतो.

'क्वीअर' हा शब्द या अर्थाने नवा आहे, कबूल. शब्द नवा म्हणून गोष्ट नवी ठरत नाही. त्यावरून शेक्सपिअर स्वतः कोण होता हे मात्र ठरवू नये; नाटकं तेवढं सांगत नाहीत.

हे सगळं मराठीत आणताना खरी पंचाईत क्रियापदांची होते. इंग्रजी 'आय'ला लिंग नाही. मराठीत 'आलो' की 'आले' हे ठरवावंच लागतं आणि तिथेच गुंता सुटून जातो. वाट आहे: सकर्मक भूतकाळ ('मी अंगठी दिली'), भविष्यकाळ ('मी जाईन') आणि 'मी जात असे' यांत बोलणाऱ्याचं लिंग कळत नाही. सिझारिओची वाक्यं शक्य तिथे या रूपांत बसवा. 'आलो' फक्त इतरांसमोर, 'आले' फक्त स्वगतात. 'अ‍ॅज यू लाइक इट'च्या भरतवाक्यात मात्र पळवाट नाही. तिथे नाटकात स्त्री असलेली, मधे पुरुषवेशातही वावरलेली रोझलिंड पुढे येऊन प्रेक्षकांतल्या दाढीवाल्यांना म्हणते: मी बाई असतो, तर तुमच्यातल्या आवडलेल्यांचे मुके घेतले असते. 'मी बाई असते' लिहिलं की वाक्य मेलं. 'असतो'च हवं, कारण इथे बोलतो तो पोरगा नट.